अर्ध्या केसाएवढी जागा

ॲम्बॅसडर आणि पद्मिनीत पुढची चाकं फक्त वळायची. गाडीला रेटा मागच्या चाकांचा. 1983 साली मारुती 800 आली आणि वळणाऱ्या चाकांनाच गाडी ओढायचंही काम लागलं. वळत्या चाकापर्यंत रेटा नेणारा साधा क्रॉस जॉइंट 30 अंशांत वाकवला, तर पुढचा दांडा एकाच फेरीत दोनदा घाई करतो, दोनदा रेंगाळतो. वेग साधारण 13 टक्क्यांनी घटतो, 15 टक्क्यांनी वाढतो. फोर्डमधले अभियंते आल्फ्रेड रझेपा यांनी 1920च्या दशकात यावर सहा पोलादी गोळ्यांचा जॉइंट काढला. चाक कितीही वळो, हे गोळे दोन दांड्यांमधल्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात आणि फिरणं एकसारखं पोचतं. जॉइंटवरचा रबरी बूट फाटला, ग्रीस गेलं, धूळ शिरली, की वळताना कटकट ऐकू येते. मग हा जॉइंट ज्यावर असतो तो एक्सल बदलायचा.

टोकाचा नट काढला की एक्सल चाकाच्या हबमधून सरकून यायला हवा. येत नाही. एक्सलच्या दाताला हबचा दात अडकलेला असतो आणि मधल्या, मिलिमीटरच्या शतांशात मोजायच्या फटीत गंज बसलेला असतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. फट तेवढीच, म्हणून तो दोन्ही बाजूंना दाबत बसतो. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोटकडे तर खारपाणपट्टा. तिथल्या खाऱ्या बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली की क्षार याच फटीत उतरतात, आणि गंजाला बळ मिळतं.

उपाय वऱ्हाडातल्या लोहारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायची तर ते आधी ती तापवून मोठी करतात. इथेही तेच, फक्त सोडवण्यासाठी. हबचं 25 मिलिमीटरचं भोक 100 अंशांनी तापलं, तर फक्त 0.03 मिलिमीटर रुंदावतं. जेमतेम अर्धा केस. गंजाची पकड मोडायला तेवढंही पुष्कळदा पुरतं! पण बेअरिंग आणि सील तेच ठेवायचे असतील, तर हबवर ज्योत धरू नका. त्यातलं ग्रीस आणि रबर जळेल.

म्हणून घरी पहिला मान गंज सोडवणाऱ्या तेलाला. ते रात्रभर मुरू द्यावं. फट जितकी बारीक, तितक्या जोरानं तेल स्वतःहून आत ओढलं जातं. अनुभवी मिस्त्री घाई करणाऱ्याला थांबवतात, "त्याले लगेच ठोकू नका, तेल पिऊ द्या." ठोकताना नट आट्यांवर परत चढवून टोकाशी समपातळीत ठेवावा, वर लाकडाचा ठोकळा धरावा. सेकंदाला 5 मीटर वेगानं आलेला एक किलोचा हातोडा एका मिलिसेकंदात थांबला, तर क्षणभर 500 किलो वजनाएवढा जोर बसतो. उघड्या आट्यांवर हा घाव पडला तर दांड्याचं टोक पसरतं आणि तो हबमधून निघतच नाही. त्यानंही हललं नाही, तर हबला बोल्टनं बसणारा पुलर आणावा.

नट पहिल्यांदा सैल करायचा तो चाक जमिनीवर असताना, हँडब्रेक ओढून. अनेक गाड्यांत त्याची कडा खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छिन्नीनं उचलावी. मग गाडी स्टँडवर घ्यावी, नुसत्या जॅकवर कधीच नाही. नवा एक्सल बसवण्याआधी हबचे दाते तारेच्या ब्रशनं घासून त्यांवर ग्रीसचा पातळ थर द्यावा, आणि नटही नवाच घ्यावा.