मीर: खोल खड्ड्यातली कोंडलेली हवा

सैबेरियाच्या याकुतिया प्रांतात 13 जून 1955 रोजी भूगर्भशास्त्रज्ञ युरी खाबार्दिन यांना हिरे पोटात बाळगणारा किंबरलाइट खडक सापडला. बातमी फुटू नये म्हणून त्यांनी सांकेतिक संदेश पाठवला: शांततेची चिलीम पेटवली, तंबाखू उत्तम आहे. रशियन भाषेत 'मीर' म्हणजे शांतता, आणि चिलमीला व किंबरलाइटच्या उभ्या नळीला शब्द एकच. ती नळी म्हणजेच मीरची खाण. तिच्या काठावर मीर्नी शहर वसलं.

1957 ते 2001 या काळात खोदत खोदत हा खड्डा 525 मीटर खोल आणि सुमारे 1.2 किलोमीटर रुंद झाला. बारमाही गोठलेल्या जमिनीशी झुंजत डंपर नागमोडी रस्त्याने तळ गाठत. पण अशा खाणीत खडकाइतकीच हवाही छळते.

उन्हाळ्यात ऊन उतारांना तापवतं. गरम हवा कडेकडेने वर चढते आणि धूळ, धूर घेऊन जाते. हिवाळ्यात मात्र सूर्य जेमतेम काही तास क्षितिजालगत दिसतो, पारा उणे 40 अंशांखाली उतरतो आणि वारा पडतो. थंड, जड हवा तळाशी साचते, तिच्यावर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. भूगोलाच्या पुस्तकातली तापमानाची विपरीतता ती हीच. त्या झाकणाखाली डिझेलचा धूर, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि सुरुंगाची धूळ अडकून राहते. इंजिनांतून निघालेली वाफ गोठून बर्फाळ धुकं होतं. पुढचं दिसत नाही, श्वास जड होतो, आणि हवा हलेपर्यंत काम थांबवावं लागतं.

विमानाच्या इंजिनांवर चालणारे अजस्र पंखे सोव्हिएत खाणींत वापरून पाहिले गेले. पण मीरचा खड्डा साधा शंकू धरला तरी त्यात सुमारे 20 कोटी घनमीटर हवा मावते. एवढी हवा पंख्यांनी ढवळणं सोपं नाही. वरून येणारा वाराही खड्डा खोल होत जाईल तसा तळापर्यंत पोहोचेनासा होतो. मधेच गोल फिरून तो तीच घाण परत आणतो. म्हणून धूर मुळातच कमी करणं, विजेवर चालणारी यंत्रं वापरणं, हवेचा अंदाज पाहून सुरुंग लावणं हाच खात्रीचा मार्ग.

2009 मध्ये या खड्ड्याखाली भुयारी खाण सुरू झाली. ऑगस्ट 2017 मध्ये खड्ड्यात साचलेलं पाणी तिच्यात घुसलं. आठ कामगार सापडलेच नाहीत.

खाण आखताना हिरे किती खोलवर आहेत हे मोजलं जातं. तळाशी राबणाऱ्या माणसापर्यंत स्वच्छ हवा कशी पोहोचेल, हे त्याच नकाशावर आणि त्याच दिवशी ठरवायला हवं.