सायकल दिली, पाना कोण देणार?

रत्नागिरीहून येणारा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला जिथे मिळतो, तो हातखंब्याचा तिठा. शहर इथून बारा-तेरा किलोमीटर. तिठ्यावर वाहनांना तोटा नाही, पण अशा गावात महामार्ग सोडून वाडीकडे वळलं की हिशोब बदलतो. शाळा, एसटीचा थांबा, दुकान ही अंतरं चालायला लांब आणि रिक्षा करायला जवळ असतात. आठवी-नववीतल्या मुलामुलीला स्कूटर चालवायचा परवाना नाही. त्या वयात स्वतःच्या मर्जीने कुठे जायचं तर सायकलच. म्हणून सायकल मिळवून देण्याच्या योजना होतात, आणि त्या चांगल्याच आहेत. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. 2022 मध्ये ती रक्कम 3500 वरून 5000 रुपये झाली. पण सायकल घरी आल्यानंतरचं तिचं आयुष्य कोणत्याच योजनेच्या कागदावर नीट मांडलेलं नसतं. सायकल एका दिवसात मोडत नाही. आधी ब्रेकचा रबर झिजतो, मग चाकाचा आऊट निघतो, मग एक पंक्चर होतं आणि ते काढायला तिठ्यापर्यंत कोण जाणार म्हणून ती पडवीत टेकवली जाते. मधे एक पावसाळा गेला की तिच्यावर भंगारवाल्याचाच हक्क. सायकलींची खरी टंचाई ही अशी, दुरुस्ती हाताशी नसल्याने तयार होते, असं माझं म्हणणं आहे. त्यावरचा इलाज फुकट दुरुस्ती हा नसून दुरुस्ती शिकवणारी गावची कार्यशाळा हा आहे.

कोकणात हे जास्तच लागू पडतं. रत्नागिरी भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हे पाणी हबमधलं आणि पेडलच्या मधल्या धुरीतलं ग्रीस धुऊन नेतं, मग छर्रे कोरडे घासू लागतात. जांभ्याची लाल माती चेनवरच्या तेलात मिसळली की ती पॉलिश पेपरासारखी चेनलाच खाते. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात तिच्या पिना झिजलेल्या असतात. हे तपासायला कुठलं यंत्र लागत नाही. कडीच्या एका पिनेपासून दुसरीपर्यंतचं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे चोवीस अंतरं मिळून बरोबर बारा इंच व्हायला हवीत. शाळेतली पट्टी लावली आणि माप इंचाच्या सोळाव्या भागाने वाढलेलं दिसलं, तर चेन बदलायची वेळ झाली. तशीच चालवली तर ती फ्रीव्हीलचे दातेही घेऊन जाते आणि छोटा खर्च मोठा होतो. ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेकचा रबर जेमतेम पकड घेतो, आणि इथले रस्ते तर चढउताराचे. तेव्हा ब्रेकची तार कधी ताणायची हे मुलीला स्वतःला कळणं हा हौसेचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

सायकल हे शिकण्यासाठी फार सोयीचं यंत्र आहे, कारण ते काहीच लपवत नाही. पंक्चर काढताना सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत थांबायचं असतं. त्यातला द्रव उडून गेल्याशिवाय पॅचचा आणि ट्यूबचा रबर एकजीव होत नाही. घाई केली की पॅच सुटतो, आणि चूक का झाली हे लगेच दिसतं. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. ते माहीत नसलेला माणूस सगळा जोर लावून ते सोडवण्याऐवजी आवळत बसतो. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40 तारा असतात. चाकाचा आऊट काढायचा म्हणजे डावीकडच्या आणि उजवीकडच्या तारांची ओढ पाव-पाव फेऱ्याने सारखी करत जायची. हे पुस्तक वाचून येत नाही, नुसतं बघूनही येत नाही. चाक हातात फिरवावं लागतं.

शिकवण्याची ही पद्धत जगात रुजलेली आहे. 2002 मध्ये लॉस एंजलिसमधल्या एका इमारतीतल्या स्वयंपाकघरात ‘बायसिकल किचन’ सुरू झालं. तिथे कारागीर तुमची सायकल दुरुस्त करून देत नाही. तो शेजारी उभा राहतो, पाना तुमच्या हातात असतो. आपल्याकडे मात्र मला याहून जवळचं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं वाटतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करून शिकायचं आणि त्यातून गावाला लागणारी कामं दाम घेऊन करून द्यायची, असा तो अभ्यासक्रम. यातला ‘दाम घेऊन’ हा भाग मला मोलाचा वाटतो. पैसे मोजलेले गिऱ्हाईक कच्चं काम खपवून घेत नाही.

यावर पहिली शंका गावातल्या कारागिराच्या पोटाची. मुलं पंक्चर काढू लागली तर सायकलवाल्याने काय करायचं? पण हातखंब्यासारख्या ठिकाणी त्याचा धंदा पंक्चर स्वतः काढणाऱ्यांनी बुडत नाही. तो बुडतो सायकली पडवीत गेल्याने. चालत्या सायकली वाढल्या तर अवघड कामं त्याच्याचकडे येतील. शिवाय कार्यशाळेत शिकवायला तोच हवा, आणि मानधन देऊन हवा. ‘समाजसेवा म्हणून या’ असं सांगून त्याचा दिवस बुडवणं बरं नव्हे. दुसरी शंका चढावाची: कोकणात सायकल चालवतं कोण? याच जिल्ह्यातला दापोलीचा सायकलिंग क्लब ते करून दाखवतो आहे, पण हौशी स्वारांचं उदाहरण इथे पुरेसं नाही, हे मान्य. मात्र शाळकरी मूल चढावाला उतरून सायकल ढकलतं आणि उतारावर बसतं. तेवढ्यानेही त्याचा बराच वेळ वाचतो.

तिसरी शंका सगळ्यांत वजनदार. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, मग हत्यारं पळतील आणि उत्साह दोन महिन्यांत ओसरेल. पुण्यात 2017 च्या अखेरीस भाड्याच्या सामायिक सायकली आल्या आणि थोड्याच काळात त्या मोडक्या अवस्थेत फुटपाथवर दिसू लागल्या. त्यामागे कंपन्यांची गणितंही होती, पण सायकल आपली नाही ही भावनाही होतीच. म्हणूनच कार्यशाळा गावातल्या मंडळाच्या खोलीत नको, शाळेत हवी. तिथे कपाट असतं, कुलूप असतं, हजेरी असते, आणि दरवर्षी नवी तुकडी येते. सायकल ज्याची त्याची, पाने तेवढे सामायिक. वर्ग कधी घ्यायचा हेही महत्त्वाचं आहे. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो आणि हब उघडून ग्रीस भरायची वेळ टळलेली असते. परीक्षा आटोपल्यावर, सुट्टी लागण्याआधीचा आठवडा त्यासाठी ठेवावा, आणि दुसरा वर्ग गणपती झाल्यावर, पावसाने काय काय खाल्लं ते उघडून बघायला.