मागच्या सीटची गाडी

माझे वडील लोणावळ्यात एका बंगलेवाल्या शेठजींकडे ड्रायव्हर होते. गाडी शोरूममध्ये नाही, बोरघाटात कळते, असं ते म्हणत. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. पण त्या वाक्यापायी गेली वीस वर्षं मी जुनी माहितीपत्रकं आणि दुरुस्तीची पुस्तकं जमवतो आहे. मर्सिडीजच्या 'ई-क्लास' सेदानचा प्रवास त्यांतूनच उलगडत गेला.

1984 साली आलेली डब्ल्यू 124 ही या घराण्यातली सर्वांत नावाजलेली गाडी. तिचं प्रत्येक मागचं चाक पाच स्वतंत्र दांड्यांनी धरलेलं होतं. त्यामुळे वळणावर गाडी कलली तरी चाक रस्त्यावर नीट टेकून राही. 1990 साली पोर्शेच्या मदतीने तिचंच 500 ई हे रूप तयार झालं. पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन. बाहेरून मात्र जवळजवळ साधी घरगुती गाडी. मालकाने स्वतः चालवण्यासाठीच ती घडवली होती.

1995 साली पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, डब्ल्यू 124 ची जुळणी सुरू झाली. त्याच वर्षी जर्मनीत तिची पुढची पिढी बाजारात आली. 2009 मध्ये कंपनीने मावळच्या शेजारी, खेड तालुक्यातल्या चाकणला स्वतःचा कारखाना उभारला. खरं वळण आलं ते 2017 साली. लांब ई-क्लास चीनमध्ये आधीपासून होती. उजव्या स्टिअरिंगची मात्र पहिल्यांदा भारतासाठी निघाली आणि चाकणला जुळू लागली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2939 ऐवजी 3079 मिलिमीटर झालं. डब्ल्यू 124 मध्ये ते 2800 होतं. वाढलेले 140 मिलिमीटर मागे बसणाऱ्याच्या पायांसाठी होते. 2024 च्या पिढीत हे अंतर 3094 वर गेलं.

कारण उघड आहे. तिकडे अशी गाडी घेणारा बहुधा स्वतः चालवतो; आपल्याकडे तो मागे बसतो. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबई-पुणे प्रवासात मागच्या सीटवर बसून काम करणं, डुलकी काढणं सोपं झालं. माझ्या मते गाडीच्या या बदलाला रस्त्याचाही हातभार आहे.

या इतिहासात कारखानदार आहे, मालक आहे, ड्रायव्हर नाही. घाट उतरताना कुठे गिअर खाली घ्यायचा, धुक्यात कुठल्या वळणावर हॉर्न द्यायचा, हे ज्ञान कुठल्याच माहितीपत्रकात नाही. वडील शेठजींच्या गाडीत मागे बसले ते सीट पुसण्यापुरतेच. मी त्यांना वेळेवर विचारलं नाही. त्यांच्या बरोबरीची जी माणसं आज लोणावळा-खंडाळ्यात, कामशेतला आहेत, ती ऐंशीच्या घरात पोचली आहेत. या दिवाळीनंतर वही घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे.