रेव्हरंड टिळकांची ध्यानप्रार्थना

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग गोंदिया, आमगाव, सालेकसा ही स्थानके ओलांडून छत्तीसगडात शिरतो. १८९३ साली याच मार्गावरील आगगाडीत कवी नारायण वामन टिळक यांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. (आजचा गोंदिया जिल्हा त्या काळी भंडारा जिल्ह्यात मोडत असे, तो स्वतंत्र झाला १ मे १९९९ रोजी.) बोलणे संस्कृत काव्यावरून धर्माकडे वळले आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला.

ही भेट बहुधा टिळकांच्या धर्मांतराची पूर्वपीठिका म्हणून सांगितली जाते. प्रार्थनेच्या अभ्यासकास मात्र त्यानंतरची घटना अधिक लक्षणीय वाटावी. टिळक वाचू लागले आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरील प्रवचनापाशी, थबकले. तेथून पुढे जाणे त्यांना कठीण झाले.

वाचन असे थांबणे हीच ख्रिस्ती परंपरेत ध्यानप्रार्थनेची सुरुवात होय. बाराव्या शतकातील कार्थुसीय मठवासी दुसरा ग्विगो याने प्रार्थनेची शिडी चार पायऱ्यांची मानली: पठन, मनन, याचना आणि दर्शन. पहिल्या तीन पायऱ्या साधकाच्या प्रयत्नांच्या. चौथी मात्र ईश्वराने द्यावी तेव्हाच लाभावयाची. स्पेनमधील संत तेरेसा (१५१५–१५८२) यांनी हाच भेद बागेच्या शिंपणाचा दृष्टांत घेऊन विशद केला आहे. प्रथम विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदावे लागते आणि हात भरून येतात; मग रहाट येतो व कष्ट कमी होतात; पुढे ओढ्याचे पाणी आपोआप वाफ्यांत खेळते; शेवटी पाऊस पडतो आणि माळ्याचे काम उरतच नाही. पोहरा सोडून आभाळाकडे पाहत बसणारा माळी मात्र तेरेसांना मान्य नव्हता.

या अनुभवास मराठीत ‘गूढवाद’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो शब्द फारसा समर्पक नाही. यात वाद नसतो आणि काही लपविलेलेही नसते. श्रवण, मनन, निदिध्यासन ही उपनिषदांतील त्रयी ग्विगोच्या शिडीस वरवर जुळते खरी. परंतु अद्वैताच्या वाटेने गेलेल्या निदिध्यासनात ज्ञाता व ज्ञेय यांचा भेद मावळतो, तर ख्रिस्ती ध्यानात ऐक्य कितीही गाढ झाले तरी ‘तू’ शिल्लक राहतो. वारकरी भक्तीलाही हा ‘तू’ हवाच असतो. म्हणूनच आपण तुकारामांच्या आधारे ख्रिस्तापाशी पोहोचलो, हे टिळकांचे सांगणे केवळ वाङ्मयीन ऋणाची कबुली ठरत नाही. एकांतातील प्रार्थनेस लागणारी भाषा त्यांना अभंगात आयतीच मिळाली होती. पाश्चात्त्य चालींच्या भाषांतरित गीतांत ती त्यांना सापडती ना.

या ध्यानाची किंमत मोठी होती. १८९५ च्या बाप्तिस्म्याने संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षांनी पतीकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत टिळकांना प्रतिष्ठा मिळाली, वेतन मिळाले. १९१७ साली ती सेवा सोडून त्यांनी संन्यासी म्हणून राहण्याचे ठरविले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही त्यांची कल्पना होती. चर्चच्या दृष्टीने अडचण येथेच होती. दर्शन जर कृपेने मिळत असेल, तर ते चर्चच्या दाराबाहेर मिळणारच नाही असे कोण म्हणणार? आणि तसे म्हणता येत नसेल, तर ते दार कशासाठी? टिळकांनी या प्रश्नास ग्रंथात उत्तर दिले नाही. दरबारात कोणाला बसवावयाचे ते ठरवून दिले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. दरबाराला त्यांचा सहवास पुरती दोन वर्षेही लाभला नाही.