खाडीचा खटला आणि न्यायासनावरच्या दोन खुर्च्या

चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरमध्ये कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते. खाडीच्या आसपास औष्णिक वीजकेंद्रं, बंदर, कारखाने. वीजकेंद्रातली राख पाण्यात कालवून नळांतून राखेच्या तळ्याकडे नेली जाते. नळ फुटले, गळले की ती राख खाडीत उतरते. तळ उथळ होतो आणि हातांनी कोळंबी वेचणाऱ्यांच्या ओंजळीत राखच येते. 2016 मध्ये एका मच्छीमाराने याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाच्या चेन्नईतल्या पीठाकडे दाद मागितली.

हा लवाद म्हणजे अजब न्यायालय आहे. एरवी तज्ज्ञ येतो तो साक्ष द्यायला. उलटतपासणीत वकील त्याला घाम फोडतो आणि शेवटी काय खरं ते ठरवतो कायदा शिकलेला माणूस. इथे तज्ज्ञ थेट न्यायासनावर बसतो! न्यायिक सदस्याच्या शेजारी, त्याच्याइतक्याच वजनाचं मत घेऊन. त्यासाठी विज्ञानातली डॉक्टरेट किंवा अभियांत्रिकीतली पदव्युत्तर पदवी, शिवाय पंधरा वर्षांचा अनुभव लागतो. (पंधरा वर्षांचा प्रशासकीय अनुभवही चालतो, त्यातली पाच पर्यावरणाच्या कामात गेलेली असली म्हणजे झालं. ही सवलत मला जरा सैल वाटते.) दोघांचं पटलंच नाही, तर लवादाचे अध्यक्ष स्वतः प्रकरण ऐकतात आणि निकाल देतात.

ही कल्पना जन्मली विषारी वायूतून. डिसेंबर 1985 मध्ये दिल्लीतल्या एका कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या खटल्यात 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुचवलं की एक न्यायाधीश आणि दोन तज्ज्ञ अशी पर्यावरण न्यायालयं हवीत. कायदा व्हायला 2010 उजाडलं.

न्यायिक सदस्याची कारकीर्दही न्यारी. अमेरिकेतल्या फेडरल जिल्हा न्यायाधीशाला निवृत्तीचं वयच नसतं. आपला उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती मात्र 62व्या वर्षी झगा उतरवतो, आणि यांतल्याच काहींचा दुसरा डाव लवादात सुरू होतो, 67 पर्यंत. आयुष्यभर दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं घोटलेल्या माणसाला इथे कायदाच सांगतो की त्या संहितेने तू बांधलेला नाहीस, नैसर्गिक न्यायाने चाल. समोर राखेचे नमुने, पाण्याचे अहवाल, खाडीचे नकाशे.

एन्नोरच्या खटल्यात जुलै 2022 मध्ये न्यायमूर्ती के. रामकृष्णन आणि डॉ. सत्यगोपाल कोर्लपाटी यांच्या पीठाने तामिळनाडूच्या वीज महामंडळाला जबाबदार धरलं. प्रदूषण करेल त्याने भरपाई द्यावी, हे या कायद्यातच लिहिलेलं तत्त्व. शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्यावा, असंही त्यातच लिहिलंय. एन्नोरला सहा वर्षं लागली.

कोणी अर्ज केला नाही तरी लवाद स्वतःहून प्रकरण हाती घेऊ शकतो, हे ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. त्याचं निमित्त होतं आपल्या मुंबईतला कचरा! डिसेंबर 2023 मध्ये आधी एन्नोरच्या खाडीत तेल पसरलं, मग समुद्रातल्या नळातून अमोनिया गळला. दोन्ही वेळा चेन्नईच्या पीठाने स्वतःहून दखल घेतली.

महाराष्ट्रासाठीचं पीठ पुण्यात आहे. तुमच्या गावच्या नदीबद्दल तक्रार असेल तर वकील न लावताही तिथे उभं राहता येतं. फक्त पर्यावरणाच्या वादासाठीचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत करा.