चोवीस तासांची उसनी अक्कल

अक्कलदाढ काढल्याने माणसाची अक्कल जात नाही, हे खरे. पण ती दाढ गुंगीचे औषध देऊन काढली असेल, तर पुढले चोवीस तास घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी अक्कल उसनी घेणे शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दात उपटण्याची धास्ती फार जुनी. अमेरिकेत हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने १८४४ सालच्या डिसेंबरात हसवणारा वायू हुंगून स्वतःचाच दात काढवून घेतला. दात आणि गुंगी यांची सोयरीक जुळली, ती आजतागायत टिकून आहे. तो वायू अजूनही वापरतात, आणि नुसत्या त्यावर भागले तर काही मिनिटांत माणूस ताळ्यावर येतो. शिरेतून दिलेल्या मिडाझोलामची किंवा पोटात घेतलेल्या डायझेपामची तऱ्हा मात्र निराळी. पहिल्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच दोन-तीन तास लागतात आणि म्हाताऱ्या माणसांत त्याहूनही अधिक. दुसऱ्याला तर वीस तासांहून जास्त वेळ लागतो. तोवर रोगी चालतो, बोलतो, हसतो, पण पुरता जागा झालेला नसतो. शिवाय मिडाझोलाम पाटी पुसून टाकते. सुई टोचल्यावर काही काळ जे कानांवर पडते, ते ध्यानात राहतच नाही.

आमच्या यांचेच पाहा ना! दाढ काढून स्वारी मोठ्या ऐटीत दवाखान्याबाहेर आली. डॉक्टरांच्या प्रत्येक सूचनेवर मान डोलावून झाली होती. रिक्षात बसताच म्हणाले, "उगाच रिक्षाला पैसे! स्कूटर आणली असती तर मीच चालवली असती." घरी येऊन पाहतात तो टेबलावर विम्याचे कागद. झाले, सही करायला पेन मागू लागले! मी कागद कपाटात टाकले आणि किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी विचारले, तर यांना ना रिक्षा आठवे, ना कागद, ना डॉक्टरांची एकही सूचना. उलट मलाच विचारतात, "मी घरी आलो कसा?" हसू आले खरे, पण हीच स्वारी स्कूटरवर बसली असती तर, या विचाराने पोटात गोळाही आला.

तेव्हा वाचकहो, सूचना ऐकायच्या त्या सोबत्याने, आणि त्या कागदावर लिहून घ्यायच्या. चोवीस तास वाहन नाही, यंत्र नाही, सहीशिक्का नाही, दारूचा थेंब नाही आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी तर नाहीच नाही. दिवाळीचे दिवस असले तर चकलीची कढई, पणत्या आणि फटाके यांपासून रोग्याला लांबच बसवावे. तान्हे मूल त्याच्या हवाली करू नये. उठताना आधी बसवावे, मग उभे करावे, आणि न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नये.

झोप आली तर येऊ द्यावी. डोके जरा उंच ठेवावे, आणि तोंडात कापडाचा बोळा असताना मात्र झोपू देऊ नये. अधूनमधून हाक मारून पाहावी. घोरता घोरता श्वास अडखळू लागला, ओठ निळसर दिसले किंवा हलवूनही जाग येईना, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. लहान मुलाला घरी आणताना मोठी माणसे दोन हवीत. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने मुलाची मान पुढे पडून श्वास कोंडत नाही ना, हे पाहत बसावे.

आता तोंडाची निगा. बधिरपणा उतरेपर्यंत दोन-चार तास गरम चहा नको. जीभ भाजली किंवा ओठ चावला गेला तरी कळत नाही. आधी घोटघोट पाणी, मळमळत नसेल तर मग मऊ भात. दाढेच्या खड्ड्यात साकळलेले रक्त हेच तिथले मलम. ते निघू नये म्हणून पहिला दिवस चूळ भरू नये, थुंकू नये, नळीने पेय ओढू नये. विडी-सिगारेटने तर पुढेही काही दिवस ओठांना शिवू नये. बोळा दाबून धरूनही रक्त थांबेना, किंवा दोन-तीन दिवसांनी ठणका कमी होण्याऐवजी वाढला, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

हल्ली कितीतरी घरांत मुले परदेशी आणि इथे आई किंवा वडील एकटेच असतात. "एका दाढेसाठी कुणाला त्रास द्यायचा?" असे म्हणून ती बिचारी एकटीच निघतात. त्यांनी भीड सोडून शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. सोबत मिळत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगावे. नुसत्या बधिर करणाऱ्या सुईवर काम भागेल का, की तारीख पुढे ढकलता येईल, याचा विचार ते करतील. आणि तुमच्या शेजारी असे कुणी असेल, तर त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. एक रात्र त्यांच्या घरी अंथरूण टाका.