छोट्या बॅटरीने अडवलेली गाडी

त्या शनिवारी फजरची नमाज झाली आणि आम्ही अम्मींची पिशवी घेऊन अंगणात आलो. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, अम्मींचे डायलिसिस असते. अक्कलकोटहून सोलापूर सुमारे ४० किलोमीटर. सकाळी ७ ची पाळी गाठायची तर पावणेसहाला घर सोडावे लागते. गेल्या वर्षी आम्ही जुनी इलेक्ट्रिक कार घेतली ती मुख्यतः यासाठीच. आम्ही दोघेही शिक्षक. आठवड्याला चार वेळा हे अंतर पेट्रोलवर कापणे आमच्या खिशाला जड जात होते.

किल्लीचे बटण दाबले, पण दार उघडले नाही. किल्लीच्या आत बसवलेली छोटी धातूची किल्ली काढून ते उघडले. गाडी सुरू करायला गेलो तर समोरचा पडदा क्षणभर लुकलुकला, आतून टक-टक-टक असा आवाज आला आणि सगळे शांत झाले. आदल्या संध्याकाळीच चार्जिंग ८२ टक्के पाहिले होते!

ओट्यावर बसलेल्या अम्मी म्हणाल्या, ''गाडीकू बी बुखार आया क्या रे?''

हसू आले, पण घड्याळ थांबत नव्हते. शेवटी शेजारच्या मामूंनी त्यांची जीप काढली. सोलापूरला पोहोचेपर्यंत सव्वाआठ वाजले होते. पुढच्या पाळीचा पेशंट ठरलेल्या वेळी येणारच होता, त्यामुळे अम्मींना चार तासांऐवजी तीनच तास मिळाले. यात तिथल्या लोकांचा काही दोष नव्हता. पण मंगळवारपर्यंत त्यांच्या पायांची सूज उतरली नाही. अम्मी एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच आम्हाला जास्त लागले. कारण नंतर कळले की गाडी महिनाभर आम्हाला सांगत होती. आम्हीच ऐकले नव्हते.

शिपाई आला नाही तर शाळा उघडत नाही

इलेक्ट्रिक कारमध्ये एक नाही, दोन बॅटऱ्या असतात. एक तळाशी असलेली मोठी, साधारण ३०० ते ४०० व्होल्टची. गाडी पळते ती हिच्या जोरावर. दुसरी १२ व्होल्टची छोटी, पेट्रोलच्या गाडीत असते तशीच. दारांची कुलपे, दिवे, वायपर, समोरचा पडदा आणि गाडीतले सगळे छोटे संगणक या छोट्या बॅटरीवर चालतात.

गाडी बंद केली की सुरक्षेसाठी मोठी बॅटरी बाकीच्या गाडीपासून तोडली जाते. तिला पुन्हा जोडणारे जाडजूड स्विच असतात, त्यांना काँटॅक्टर म्हणतात. ते स्विच ओढण्याची ताकद १२ व्होल्टच्या बॅटरीकडून येते. ती मेली तर मोठी बॅटरी कितीही भरलेली असो, तिचा दरवाजाच उघडत नाही. पुष्कळदा अशी गाडी चार्जरला लावूनही उपयोग होत नाही, कारण चार्जिंग सुरू करायलाही तेच स्विच लागतात.

आमच्या शाळेत मुख्याध्यापक आहेत, वीस शिक्षक आहेत, पाचशे मुले आहेत. पण चाव्या शिपाईमामांकडे असतात. ते एक दिवस आले नाहीत तर सगळी शाळा फाटकाबाहेर उभी राहते. १२ व्होल्टची बॅटरी हा गाडीचा शिपाईमामा आहे.

पेट्रोल गाडीची बॅटरी दुबळी झाली की इंजिन कुंथत कुंथत फिरते आणि आपण सावध होतो. इलेक्ट्रिक कारमध्ये फिरवायला इंजिनच नसते. कामापुरती वीज मिळते तोवर सगळे ठीक दिसते, आणि एके सकाळी अचानक काहीच होत नाही.

तपासल्याशिवाय बदलू नका

दुपारी गावातला बॅटरीवाला मोटरसायकलवर एक भरलेली १२ व्होल्टची बॅटरी आणि मल्टिमीटर घेऊन आला. आमच्या बॅटरीवर काटा १०.४ व्होल्ट दाखवत होता. भरलेली, स्वस्थ शिसे-आम्लाची बॅटरी विश्रांतीच्या वेळी १२.६ च्या आसपास असते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली.

त्याने पुस्तिकेत दाखवलेल्या जागी आपली बॅटरी जोडली आणि गाडी लगेच जागी झाली. तेव्हा त्याने पुन्हा मोजले. आकडा १४.२ आला. ''म्हणजे भरणारे यंत्र ठीक आहे,'' तो म्हणाला. मोठ्या बॅटरीची वीज उतरवून छोटीला भरणाऱ्या या यंत्राला डीसी-डीसी कन्व्हर्टर म्हणतात. गाडी चालू असताना आकडा साधारण १३.५ ते १४.५ दिसला पाहिजे. तो वर चढलाच नाही तर बिघाड बहुधा तिकडे असतो, आणि नवी बॅटरी घालूनही चार दिवसांत तीच गत होते.

तासभर गाडी चालू ठेवली, मग बंद केली. दोन तासांनी आकडा ११.६ वर उतरला होता. बॅटरी वीज धरत नव्हती. तिच्यावरची तारीख पाहिली, तर ती चार वर्षांहून जुनी निघाली. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, आणि उष्णता ही अशा बॅटरीची मोठी वैरीण. गाडी घेताना आम्ही मोठ्या बॅटरीचा अहवाल मागून घेतला होता. छोटीबद्दल विचारलेच नव्हते.

बदलताना काय केले

आधी गाडीची पुस्तिका वाचली. काही गाड्यांत छोटी बॅटरी बॉनेटखाली असते, काहींत मागे. काही गाड्यांना नव्या बॅटरीची नोंद संगणकातून करून द्यावी लागते. तशी गाडी असेल किंवा पुस्तिकेत हे काम स्वतः करू नका असे लिहिले असेल, तर ते वर्कशॉपकडेच द्यावे. आमच्या पुस्तिकेत पद्धत दिलेली होती.

नवी बॅटरी जुन्याच जातीची, त्याच मापाची आणि त्याच क्षमतेची घेतली. साधी, एजीएम आणि लिथियम या वेगवेगळ्या जाती आहेत. त्यांची भरण्याची रीत वेगळी असते, म्हणून मनाने अदलाबदल करू नये.

मग हा क्रम पाळला. गाडी बंद, चार्जर काढलेला, किल्ली घरात लांब ठेवलेली. एक काच खाली आणि बॉनेट उघडे, म्हणजे वीज गेल्यावर आपणच बाहेर अडकत नाही. गाडीचे संगणक झोपी जावेत म्हणून थोडा वेळ थांबलो. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवले. पाना आणि अंगठी मिळून दोन्ही टर्मिनल जोडली गेली तर बोट भाजते.

पहिल्यांदा काळी, म्हणजे ऋण वायर सोडवली, मग लाल. पट्टी काढून जुनी बॅटरी सरळ धरून उचलली. ती दिसते त्याहून जड असते. नवी बसवून पट्टी घट्ट केली, आधी लाल वायर जोडली आणि शेवटी काळी. सोडताना काळी आधी, जोडताना काळी शेवटी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आणि एक गोष्ट घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा. बॉनेटखालच्या नारिंगी वायरींना हात लावायचा नाही. त्या मोठ्या बॅटरीच्या असतात आणि तो झटका जीवघेणा ठरू शकतो.

गाडी सुरू केल्यावर दोन-तीन इशाऱ्याचे दिवे लागले, थोडे अंतर चालवल्यावर विझले. घड्याळ आणि काचांचे सेटिंग पुन्हा करावे लागले. जुनी बॅटरी परत देऊन खर्च आला साधारण साडेचार हजार रुपये.

जुनी बॅटरी भंगारात नको

बॅटरीवाल्याच्या आधी भंगारवाला दारात आला होता, थोडे जास्त पैसेही देत होता. आम्ही नाही म्हटले. या बॅटरीत शिसे आणि गंधकाम्ल असते. गल्लीबोळात भट्टी लावून शिसे वितळवले की त्याचा धूर आणि धूळ आसपासच्या मुलांच्या शरीरात जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. आपल्या देशात जुन्या बॅटऱ्यांसाठी २००१ पासून नियम आहेत आणि २०२२ मध्ये नवे नियमही आले. दुकानदाराला जुनी बॅटरी परत देऊन पावती घेणे हा आपल्या हातातला सोपा मार्ग. चार पैशांसाठी दुसऱ्याच्या लेकरांचे नुकसान आपण का करायचे?

गाडी काय सांगत होती

आता मागे वळून पाहिले की सगळे आठवते. महिनाभर कुलूप कधी कधी दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर लागत होते. पडदा उशिरा उजळायचा. दोनदा भलतेच इशारे दिसले आणि आपोआप गेले. त्यातच आम्ही बाजारातून कॅमेरा आणून बसवला होता. तो गाडी उभी असतानाही रात्रभर छोट्या बॅटरीची वीज पीत होता. आता त्याची वायर अशा जागी जोडली आहे की गाडी बंद झाली की तोही बंद होतो.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर पुस्तिका काय सांगते ते पाहून ठेवावे. किल्ली गाडीजवळ टांगू नये, काही गाड्या तिच्यामुळे जाग्याच राहतात. अडचणीच्या वेळी दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीने आपली गाडी जागी करता येते. पण आपल्या इलेक्ट्रिक कारवरून शेजाऱ्याची पेट्रोल गाडी सुरू करायला जाऊ नये. तिच्या इंजिनाला एकदम फार मोठा प्रवाह लागतो, आणि अनेक कंपन्या याला स्पष्ट मनाई करतात.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर अम्मींच्या डायलिसिसच्या तारखांभोवती लाल गोल असतात. आता दर तीन महिन्यांनी एक निळा गोलही असतो. त्या दिवशी शाळेतून आल्यावर मल्टिमीटर लावून आकडा लिहून ठेवायचा. दोन मिनिटांचे काम.

परवा तो आकडा लिहिताना अम्मींनी विचारले, ''बुखार उतरा क्या?''

आम्ही म्हणालो, ''उतरा अम्मी, अल्हमदुलिल्लाह. बारा पॉइंट सात.''

शनिवारी आम्ही पावणेसहाला निघालो आणि ७ वाजता अम्मी त्यांच्या खाटेवर होत्या. त्या दिवशी त्यांना पूर्ण चार तास मिळाले.